दीड लाख पार झालेली टर्बो पेट्रोल आणि शेल हेलिक्स अल्ट्रा ५डब्ल्यू-४०

निकाल आधी सांगतो, पाल्हाळ नंतर. गाडी ऑक्टाव्हिया १.८ टीएसआय, १८० पीएसवाली, दीड लाख किलोमीटरच्या वर पळालेली, मुक्काम सातारा, पुण्याला कायम येजा आणि सुट्टी दिसली की घाट. हिच्यात शेल हेलिक्स अल्ट्रा ५डब्ल्यू-४० हे इंजिन ऑइल टाकतोय आणि समाधानी आहे, दहापैकी आठ. दोन मार्क कुठं कापले ते खाली येतंयच. पण जाता जाता एक बोलून टाकतो, की गाडी जुनी झाली की जो तो डब्याच्या पुढचा मोठा आकडा बघून सल्ला देतो, आणि डब्याच्या पाठीमागं बारीक अक्षरात जे छापलंय ते वाचायला कुणाला वेळ नाय, आणि खरा माल सगळा तिथंच आहे.

आधी त्या सल्ल्याचंच बघू. साताऱ्यात कुठल्याही गॅरेजात जावा, मीटर एक लाखाच्या पुढं दिसला की मेस्त्री म्हणणारच, "साहेब, गाडीचं वय झालं आता, ट्वेंटी फिफ्टी टाका, बघा आवाज कसा बंद होतोय." ट्वेंटी फिफ्टी म्हणजे २०डब्ल्यू-५०, जाड ऑइल. माणूस काय वाईट मनानं सांगत नसतो. जुन्या जीपा, अँबेसिडर, ट्रॅक्टर यांच्यावर हात बसलेला असतो, तिथं बेअरिंग झिजलेलं, प्रेशर पडलेलं, जाड ऑइल ओतलं की टॅपेटची टकटक दबायची आणि मालक खूश. आवाज दबतो हे खरंच आहे. पण टर्बो पेट्रोलमध्ये ऑइल नुसतं वंगण नसतं, निम्मी कामं ऑइलच्या प्रेशरवर चालतात. टायमिंग चेन ताणून धरणारा टेन्शनर ऑइलवर, कॅमचं टायमिंग मागंपुढं करणारा अॅडजस्टर ऑइलवर, पिस्टनच्या पोटाला खालनं ऑइलचा फवारा असतो गार करायला, आणि टर्बोचा शाफ्ट मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो तो ऑइलच्या पातळ थरावर तरंगतच घेतो. एवढ्या बारीक वाटांतनं सकाळी स्टार्टर मारल्या मारल्या ऑइल पोचलं पाहिजे, आणि तिथंच ट्वेंटी फिफ्टी मागं पडतं.

यावर ठरलेलं उत्तर येतं, "आपल्याकडं कुठं बर्फ पडतोय?" बरोबर आहे, महाबळेश्वरला वेण्णा लेकवर एखाद्या थंडीत हिमकण दिसले की पेपरात फोटो येतो एवढीच आपली थंडी. डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीतलाच असतो, ५डब्ल्यूची स्टार्टिंगची टेस्ट उणे ३० डिग्रीला होते आणि २०डब्ल्यूची उणे १५ला, म्हणजे साताऱ्यात दोन्ही स्टार्ट होणार यात वादच नाय. पण जरा पुढं बघा. डब्याची डेटाशीट काढली की ४० डिग्रीचा जाडपणा दिलेला असतो, तिथं चांगलं ५डब्ल्यू-४० असतं ८० सेंटिस्टोकच्या (जाडपणा मोजायचं माप) आसपास आणि २०डब्ल्यू-५० त्याच्या जवळपास दुप्पट. हे ४० डिग्रीला. जानेवारीत सकाळी गोडोलीत पार्किंगमध्ये गाडी असते पंधरा-सोळा डिग्रीवर, तिथं तर फरक अजून वाढतो. आणि इंजिनची झीज जास्त होते ती याच पहिल्या काही मिनिटांत, हायवेवर शंभरनं चालताना नाय.

दुसरा आकडा, म्हणजे ४० किंवा ५०, हा गरम इंजिनचा. १०० डिग्रीला १२.५ ते १६.३ सेंटिस्टोकच्या मधे बसलं की ४०, १६.३ ते २१.९ मधे बसलं की ५०. आता गंमत बघा, १२.६ वालं पण ४० आणि १६.२ वालं पण ४०, डब्यावर दोन्हीला एकच आकडा. त्यामुळं पुढच्या आकड्यावर डोळे झाकून जाऊ नका.

जुन्या परफॉर्मन्स गाडीला खरा कामाचा आकडा तिसराच आहे आणि तो डब्यावर कधीच नसतो, त्याला एचटीएचएस म्हणतात. १५० डिग्रीला, जोरात घासलं जात असताना ऑइल किती जाड राहतं ते. बेअरिंगमधे घाट चढताना जी परिस्थिती असते तिच्या जवळ जाणारी टेस्ट हीच. साध्या ३० ग्रेडला कमीत कमी २.९ पुरतो, ५डब्ल्यू-४० ला ३.५ लागतो. आता इथं लोक फसतात. ५डब्ल्यू-३० छापलेले दोन डबे घ्या, एक जपानी गाड्यांसाठीचा मायलेजवाला, त्याचा एचटीएचएस तीनच्या आसपास, आणि दुसरा फोक्सवॅगनचा ५०४ ०० कोड असलेला, त्याचा ३.५ च्या वर. दोन्ही ५डब्ल्यू-३०, काउंटरवर शेजारी शेजारी ठेवलेले, आणि दुकानदार म्हणणार, "एकच आहे साहेब, हे स्वस्तात पडंल."

म्हणून गाडीच्या कंपनीचा ऑइलसाठीचा कोड बघायचा. माझी स्कोडा फोक्सवॅगनच्याच घरातली, तिला भारतात ५०२ ०० लागतो. हा कोड असला की ऑइल वर सांगितलेल्या सगळ्या परीक्षा देऊनच आलेलं असतं, आपल्याला डेटाशीट पाठ करायची गरज नाय. ५०४ ०० सुद्धा चालतो, तो नंतरचा आणि वरचा कोड आहे, पण त्यात जळल्यावर राख कमी व्हावी म्हणून अॅडिटिव्ह आवरते घेतलेले असतात, सल्फरमुळं होणारं अॅसिड मारतात ते हेच अॅडिटिव्ह, आणि आपल्याकडं बीएस-४ च्या काळात पेट्रोलमधे सल्फर ५० पीपीएमपर्यंत असायचं, तेव्हा ५०२ ०० च बरं होतं. एप्रिल २०२० पासून बीएस-६ पेट्रोल आलं, सल्फर १० पीपीएमवर आलं, आता ती भीती राहिली नाय. जे टाकायचंच नाय ते ५०८ ००, ते ०डब्ल्यू-२० असतं, रंगानं हिरवं, नव्या इंजिनांसाठी काढलेलं. कुणी "लेटेस्ट आहे" म्हणून गळ्यात मारलं तर घेऊ नका, ते जुन्या कोडच्या इंजिनात वापरायचं नसतं.

अजून एक बारीक गोष्ट. पाठीमागं "अप्रूव्हल" लिहिलंय का "मीट्स" किंवा "सूटेबल फॉर" लिहिलंय ते बघा. अप्रूव्हल म्हणजे गाडीच्या कंपनीनं तपासून मान्यता दिलीय. मीट्स म्हणजे ऑइलवाला स्वतःच सांगतोय की आमचं पण तसंच आहे. प्रत्येक मीट्सवाला खोटा असतो असं नाय, पण दीड लाखाच्या इंजिनावर मी तरी दुसऱ्याच्या शब्दावर जुगार खेळणार नाय.

आता शेल. हेलिक्स अल्ट्रा ५डब्ल्यू-४० वर ५०२ ०० आहेच, शिवाय मर्सिडीजचा २२९.५, बीएमडब्ल्यूचा एलएल-०१ आणि पोर्शेचा ए४० पण आहे. पोर्शेशी आपलं काय घेणंदेणं म्हणाल, तर ए४० मिळवायला ऑइल बराच वेळ रगडल्यावर पातळ होऊन चालत नाय, आणि ताणून चालवायच्या टर्बो गाडीला नेमकं तेच पाहिजे असतं. बेस ऑइल जीटीएल आहे, म्हणजे कच्च्या तेलातनं गाळलेलं नसून नैसर्गिक वायूपासनं बनवलेलं, शेलचा हा मोठा प्लँट कतारमधे रास लफानला आहे, २०११ ला सुरू झाला. शेलचा ऑइल ब्लेंडिंगचा प्लँट आपल्या तळोज्यात पण आहे. जीटीएलचा फायदा काय, तर त्यात सल्फर जवळपास नसतोच आणि ते गरम झाल्यावर कमी उडतं. हे उडणं मोजायची टेस्ट असते, २५० डिग्रीला एक तास ठेवतात आणि किती टक्के वाफ झाली बघतात, हे ऑइल ज्यात बसतं त्या युरोपियन ए३/बी४ वर्गाला १३ टक्क्यांची मर्यादा आहे. जुनी गाडी ऑइल खाते म्हणतो आपण, त्यातलं थोडं पिस्टनच्या रिंगांतनं जातं, थोडं असं वाफ होऊन ब्रीदरमधनं परत इंजिनात जाऊन जळतं. डायरेक्ट इंजेक्शनला तर हा दुहेरी ताप, कारण व्हॉल्व्हवर पेट्रोलचा फवारा पडत नाय, त्यामुळं ती वाफ इनटेक व्हॉल्व्हच्या पाठीवर बसून काळी काकवी होते. कमी उडणारं ऑइल हे थांबवत नाय, पण हळू करतं.

प्रत्यक्ष अनुभव सांगायचा तर सगळ्यात पहिला फरक खपात दिसला. आधी एका नावाजलेल्या ब्रँडचं ५डब्ल्यू-३० पडायचं, नाव घेत नाय, तेव्हा पाच हजारात लिटरभर टॉप-अप ठरलेलं. आता तेवढ्याच रनिंगला अर्ध्या लिटरच्या आसपास लागतं. मॅन्युअल म्हणतं हजार किलोमीटरला अर्ध्या लिटरपर्यंत नॉर्मल, त्या हिशोबात दोन्ही पास आहेत, पण डिपस्टिक बघून बघून माणसाला जी धाकधूक लागते ती कमी झाली. मोजताना इंजिन गरम, गाडी सपाट जागेवर, बंद केल्यावर चार-पाच मिनिटं थांबून मगच काडी बाहेर काढायची, साताऱ्यात सपाट जागा शोधणं हाच खरा कष्टाचा भाग आहे.

दुसरं ऑइलचं टेंपरेचर. या गाडीत स्टिअरिंगसमोरच्या डिस्प्लेवर ते दिसतं, ५० डिग्रीच्या खाली नुसत्या रेघा, वर गेलं की आकडा. ज्यांच्या गाडीत ही सोय आहे त्यांनी ती वापरा राव, पाण्याचा काटा मधे आला म्हणजे गाडी गरम झाली असं नसतं, ऑइल मागनं निवांत येत असतं. मी ८० दिसेपर्यंत पाय दाबत नाय. हायवेला ९५ ते १०० च्या मधे राहतं, पुण्याहून येताना खंबाटकी दाबून चढली की ११० च्या जवळ. सगळ्यात जास्त बघितलंय ते यवतेश्वरच्या घाटात, ते पण जोरात चढताना नाय तर कासला फुलांचा सीझन असताना, रविवारी, पुढं टेंपो ट्रॅव्हलर आणि मागं बुलेटची लाइन, फर्स्ट-सेकंडमधे रांगत, वारं नाय काय नाय. तिथं ११५ पर्यंत गेलं आणि पठारावर मोकळा रस्ता मिळाल्यावर खाली आलं. टेंपरेचर शेलमुळं कमी होतं असं काही मी म्हणणार नाय, ते कूलरचं काम आहे. पण अशा रांगण्यानंतर आयडलला गाडी जी आधी किंचित खरखरायची ती आता करत नाय. पसरणीच्या वळणांना सेकंड-थर्डमधे पाय दाबला की ओढ आहे तशीच आहे, ऑइलनं पिकअप वाढला वगैरे मला तरी कधी जाणवलं नाय आणि कुणाला जाणवतो म्हणत असेल तर त्याला नमस्कार.

सकाळचा स्टार्टिंगचा आवाज सेकंदभरात शांत. चेनची खडखड नाय. काळं मात्र दोन-अडीच हजारातच व्हायला लागतं. काळं झालं म्हणजे खराब झालं असं लगेच म्हणू नका, डायरेक्ट इंजेक्शनमधे काजळी होतेच आणि ती पोटात धरून ठेवणं हे ऑइलचंच काम आहे. जे ऑइल जुन्या इंजिनात आठ हजारानंतर पण सोनेरी राहतं त्याच्याबद्दल मला जास्त शंका येईल.

आता कापलेले मार्क. पहिला पॅकिंगचा. या इंजिनला पाच लिटरच्या वर ऑइल लागतं, फिल्टरसकट नक्की किती ते आपापल्या मॅन्युअलमधे बघा, आणि इथं दुकानात मिळतो चार लिटरचा कॅन. म्हणजे वरचे सुट्टे एक-एक लिटरचे डबे, आणि सुट्ट्याचा लिटरमागं भाव कायम जास्त. शिवाय पोवई नाक्याकडच्या दुकानात चार लिटरवाला असतो तेव्हा एक लिटरवाला संपलेला असतो आणि उलट.

दुसरा मार्क नावाच्या गोंधळाचा. हेलिक्स एचएक्स५, एचएक्स७, एचएक्स८ आणि अल्ट्रा, सगळ्यांवर शेल आणि हेलिक्स मोठं आणि पुढचं बारीक. अल्ट्रा मागितलं की पोरगं आत जाऊन एचएक्स७ १०डब्ल्यू-४० घेऊन येतं आणि वर म्हणतं "शेलचंच आहे की". एचएक्स७ वाईट नाय, ज्या गाडीला सेमी सिंथेटिक चालतं तिला उत्तम, पण आपल्या कामाचं नाय. अल्ट्रामधे पण ५डब्ल्यू-३० आणि ५डब्ल्यू-४० वेगळे, कोड वेगळे. त्यामुळं बिल करायच्या आधी डबा उलटा करा, पाठ वाचा, मग पैसे द्या. दुकानदार वैतागतो, वैतागू दे.

नकली मालाचं पण बोललं पाहिजे, हा शेलचा दोष नाय, जे ब्रँड चालतात त्या सगळ्यांनाच हा रोग आहे. भाव बघून कळतं, एमआरपीपेक्षा निम्म्यात कुणी सिंथेटिक देत असेल तर तो तुमचा नातेवाईक नाय. सील, झाकणाखालचं फॉइल, बॅच नंबर आणि तारीख बघा, डब्यावरचा आणि खोक्यावरचा बॅच जुळतोय का बघा. आणि ऑइल तुमच्यासमोर ओतलं की मोकळा डबा गॅरेजात सोडू नका, स्क्रू ड्रायव्हरनं बुडाला भोक पाडा. धड डबे भंगारातनं कुठं जातात आणि काय भरून परत येतात हे सगळ्यांना माहितीय.

बदली कधी करायची? कंपनी म्हणते १५ हजार किंवा एक वर्ष. नव्या गाडीला, हायवेवर पळणाऱ्याला ठीक. मी साडेसात-आठ हजाराला बदलतो. कारण गाडी जुनी, रिंगांतनं गॅस खाली जास्त येतो, आणि पुण्याची फेरी नसली की आठवडाभर गोडोली ते राजपथ एवढंच, ऑइल गरम व्हायच्या आत गाडी बंद. अशा रनिंगला पेट्रोल ऑइलमधे उतरतं आणि ते पातळ होतं, मग डब्यावर ४० लिहिलेलं आत ३० सारखं वागतं. वर आता पेट्रोलमधे २० टक्के इथेनॉल, आपल्याच शिवारातल्या उसाचं म्हणून अभिमान आहे, पण इथेनॉल पाणी ओढतं आणि ते पाणी उडायला ऑइल नीट तापावं लागतं. त्यामुळं महाग रेसिंग ऑइल वर्षभर ओढण्यापेक्षा चांगलं कोडवालं ऑइल लवकर बदलणं मला परवडतं, आणि इंजिनला पण. दर वेळी फिल्टर नवा, चांगल्या कंपनीचा, आणि ड्रेन प्लग नवा किंवा निदान त्याचं वॉशर तरी. दोनशे रुपये वाचवायला जुनाच प्लग आवळतात आणि मग चेंबर पाझरतो.

आणि गाडी लयच ऑइल खात असेल, म्हणजे हजाराला अर्धा लिटरच्या वर, तर ऑइल बदलून बघत बसू नका. आधी पीसीव्ही व्हॉल्व्ह (इंजिनच्या पोटातला गॅस परत इनटेकमधे सोडणारा) तपासा, त्याचा पडदा फाटला की ऑइल सरळ इनटेकमधे ओढलं जातं, आणि तो इंजिन खोलायच्या मानानं स्वस्तात बदलून होतो. मग टर्बोच्या पाइपात ऑइल साचलंय का, टायमिंग कव्हरकडनं घाम सुटलाय का, प्लग काढून कुठला ओला आहे का. रात्रभर उभी राहून सकाळी स्टार्टला निळा धूर येऊन गेला तर व्हॉल्व्ह सील, पाय दाबल्यावर येत राहिला तर रिंगा किंवा टर्बो, हा मेस्त्री लोकांचा जुना अंदाज बऱ्याचदा बरोबर निघतो. रिंगांचंच काम असेल तर कुठलंच ऑइल ते भरून काढणार नाय, आणि ट्वेंटी फिफ्टी टाकून महिनाभर धूर कमी दिसला तरी बिल फक्त पुढं ढकललं जातं.

बाकीच्यांबद्दल थोडक्यात. मोबिल १ चं ०डब्ल्यू-४० पण ५०२ ०० आणि ए४० वालंच, मित्राच्या पोलो जीटीमधे तेच आहे, तो खूश आहे. मोटुल ८१०० एक्स-सेस ५डब्ल्यू-४० त्याच रांगेतलं, आणि मला शेल मिळालं नाय तर मी तेच घेईन. मोटुल ३००व्ही बद्दल पोरांना लय प्रेम, एस्टरवालं आहे, १९७१ पासनंचं नाव आहे, ट्रॅकवर जाणाऱ्याला जरूर, पण ते कमी अंतरात बदलायचं ऑइल आहे, कोरेगाव-सातारा रोजच्या जाण्यायेण्याला पैसे जाळणं. हाय मायलेज असं छापलेलं ऑइल, व्हॅल्व्होलिनचं मॅक्सलाइफ वगैरे, त्यात जुनी कडक झालेली सीलं मऊ करायचे अॅडिटिव्ह असतात, किरकोळ पाझर असेल तर कल्पना चांगली आहे, फक्त तुमचा कोड त्यावर असला तरच. आणि काउंटरवर शंभर-दोनशेला जी ऑइल ट्रीटमेंटची बाटली दाखवतात ती तिथंच राहू द्या, पूर्ण तयार केलेल्या ऑइलमधे वरनं कुणी काय मिसळावं यासाठी कोडची मान्यता दिलेली नसते. दीड लाख पळालेल्या जुन्या गाडीला फ्लश, म्हणजे इंजिन आतनं धुवायचं रसायन, पण नको, आतला साचलेला मळ एकदम सुटून ऑइल पंपाच्या जाळीत अडकला तर चहापाण्याच्या खर्चात लाखाचं काम निघतं.

चार लिटरचा कॅन आणि वरचे सुट्टे धरून मला एका बदलीला ऑइलचेच पाच हजाराच्या आसपास जातात, फिल्टर-मजुरी वेगळी. उरलेला अर्धामुर्धा डबा झाकण घट्ट लावून डिकीत ठेवतो, टॉप-अपला तोच लागतो आणि हायवेला पेट्रोल पंपावर मिळेल ते ऑइल ओतायची वेळ येत नाय. या पावसाळ्यानंतर पुढची बदली आहे, तोपर्यंत पोवई नाक्यावर एक लिटरवाले डबे येतात का बघतोय, नायतर पुण्यातनंच आणणार.